चमक चांदीची, रंग मात्र डीएनए ठरवतो

डीएनएच्या साखळीत धरलेले चांदीचे अतिसूक्ष्म पुंजके प्रकाश पडला की स्वतः रंगीत उजेड देतात. ‘झवेरी बाजारातली चांदी स्वतःहून लाल उजेड देत नाही, मग ही कशी देते?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. अशा एका पुंजक्यात चांदीचे जेमतेम १० ते ३० अणू असतात. एवढ्याशा पुंजक्यात इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या सुट्या होतात, म्हणून तो रेणूसारखा प्रकाश शोषतो आणि सोडतो.

डीएनए म्हणजे पुंजक्याभोवतीचं नुसतं वेष्टन, असं वाटू शकतं; मला ते पटत नाही. चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) मुख्यतः सायटोसिनला, म्हणजे डीएनएच्या चार बेसपैकी (घटकांपैकी) एकाला, धरतात. २००४ मध्ये जॉर्जिया टेक या अमेरिकन विद्यापीठाने वापरलेली १२ बेसची साखळीही सायटोसिनबहुलच होती. मग सोडियम बोरोहायड्राइड (आयनांना इलेक्ट्रॉन देणारं रसायन) घातलं की पुंजका घडतो. बेसचा क्रम बदला, रंग हिरव्यापासून पार अवरक्तापर्यंत सरकतो!

मुंबईत कोणी करून बघणार असेल तर कळकळीने सांगतो: नळाचं पाणी अजिबात नको, बफरही (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) क्लोराइडविरहित घ्या. नाहीतर चांदी सायटोसिनला सोडून क्लोराइडलाच जाऊन चिकटते.