ऑक्टोबरात हरळीच्या लॉनला भोकं पाडून बी टाकू का? (खारपाणपट्टा, ता. दर्यापूर)

पूर्णाकाठचा:
नमस्कार मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेपासून फार लांब नाही. म्हणजे माती काळी अन् खोल, बोअरचं पाणी खारं, हे वेगळं सांगायला नको. घरापुढं साधारण हजार चौरस फुटांत हरळीचं लॉन आहे. सुरुवातीला बरं चाललं. यंदा मात्र फाटकापासून ओट्यापर्यंत, जिथून मोटारसायकली येतात-जातात अन् नातवंडांचं क्रिकेट चालतं, तिथं टक्कल पडलंय. पाऊस पडला की त्या जागेत पाणी थांबतं, उघडीप मिळाली की वर पांढरट पापुद्रा धरतो.

मुलगी ओहायोत असते. तिकडं म्हणे उन्हाळा सरला की अख्खी कॉलनी यंत्र भाड्यानं आणते, लॉनमधून मातीच्या कांड्या उपसते अन् वरून बी फेकते. तिनं व्हिडिओ पाठवलाय. "बाबा, ऑक्टोबरच्या आत करून टाका" म्हणते. दिवाळीला येताना बियाण्याची पिशवीही आणणार आहे.

तर हे आता करावं का? यंत्र आपल्याकडं कुठून आणायचं? आणि आमचा गवंडी सांगतो की दोन ब्रास रेती मिसळा, माती मोकळी होईल. त्याचं ऐकावं का?

वावरवाला:
काका, वाचून हसू बी आलं अन् रडू बी. आमची हयात गेली हरळी खंदू-खंदू. डवरा मारा, बाया लावून खुरपा, उन्हाळ्यात नांगरून काशा (जमिनीतले गाठीदार धुमारे) वेचा, तरी मृगाचा पाऊस आला का बांधावरून हजर. अन् तुम्ही तिले खत घालून रायले तर ते म्हणते मी येत नाही! माह्या बांधावरची ट्रॉलीभर घेऊन जा, फुकट.

मस्करी सोडा. टक्कल गाड्यायनं पडलं. पयले गाडीले बाजूनं वाट करून द्या, फरशी टाका. मंग बाकीचं पाहा.

यवतमाळची, सध्या ओहायो:
काका, तुमच्या लेकीचं इथल्यापुरतं अगदी बरोबर आहे. इथल्या अंगणात बहुतेक टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रास असतं, दोन्ही थंड हवेची गवतं. जुलै-ऑगस्टच्या उन्हात ती मलूल होतात. ऑगस्ट सरता सरता हवा गार होते, पण माती अजून उबदार असते, उन्हाळी तणं उतरणीला लागलेली असतात. फेस्क्यूचं बी उगवायला यापेक्षा चांगला काळ नाही. कडक दंव पडायच्या आधी नव्या रोपांना साधारण सहा आठवडे मिळावेत असा हिशेब असतो, म्हणून सप्टेंबर. ऑक्टोबर मध्यावर आला की इथंही उशीरच झाला म्हणतात.

यंत्राला पोकळ नळ्या असतात. त्या दोन-तीन इंच लांबीच्या कांड्या उपसून वर टाकतात. त्या उचलायच्या नाहीत, पावसानं आणि कापणीच्या यंत्राखाली आपोआप विरतात. मग बी टाकायचं (आहे त्या लॉनमध्ये भर घालायला हजार चौरस फुटांना दीड-पावणेदोन किलो फेस्क्यू पुरतं), ते मातीला टेकलं पाहिजे, आणि दोन-तीन आठवडे वरचा थर सुकू द्यायचा नाही.

पण हे बी आपल्याकडचा मे महिना बघणार नाही. माझ्या माहेरी मे मध्ये पारा ४५ च्या घरात जातो. आणि लेकीला सांगा, बॅगेत बियाणं टाकू नकोस. पेरणीचं बियाणं भारतात आणायला आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे. विमानतळावर काढून घेतलं तर वाद घालायला जागा नाही.

रोपवाटिकावाली ताई, परतवाडा:
काका, मी रोपवाटिका चालवते आणि खारपाणातली काही लॉनं बघते, मंगल कार्यालयांची जास्त. (लग्नसराईनंतर त्यांची दशा बघाल तर तुमच्या टकलाचं काही वाटणार नाही.) वावरवाले दादा म्हणतात ते खरं, गाडी आधी हलवा. पण तेवढ्यानं भागेल असं मला वाटत नाही.

वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असताना, एक काम करा. टकलाच्या जागी आणि चांगल्या जागी पावड्यानं वीतभर खोल चौकोनी ढेकूळ काढा अन् हातात धरून मोडा. चांगल्या जागेतलं कडकन फुटेल, फुटलेली बाजू खडबडीत दिसेल, मुळं पार तळापर्यंत उतरलेली असतील. टकलाचं ढेकूळ फुटायच्या ऐवजी वाकलं, पावड्यानं कापलेली बाजू ओल्या साबणासारखी चकाकली, आणि मुळं बोटाच्या दोन पेरांएवढ्या वरच्या थरातच आडवी पसरलेली निघाली, तर दुखणं नुसतं गाडीनं दबल्याचं नाही. तिथं बहुधा सोडियम आहे. पांढऱ्या पापुद्र्यानं क्षार दाखवलेच आहेत, सोडियम किती ते तपासणीत कळेल.

सोडियम चिकणमातीला चिकटला की ओल लागताच कण सुटे होतात, फुगतात आणि पाणी उतरायच्या वाटा बुजवून टाकतात. अशा जमिनीत तुम्ही कितीही सुबक भोकं पाडा, पहिल्या मोठ्या पावसात मिटणार. ओहायोच्या मातीचं काम भोकांनी भागतं, आपलं भागत नाही. आपल्याला आधी जिप्सम. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. पण हुसकावलेला सोडियम खाली वाहून जायला वरून गोडं पाणी आणि खालून निचरा लागतो, आणि तुमच्या बोअरला गोडं पाणी नाही. खारं पाणी देत जिप्सम टाकणं म्हणजे एका दारानं काढून दुसऱ्या दारानं आत घेणं. म्हणून ऑक्टोबर नाही, मृगाच्या तोंडाशी. पाऊस फुकटात धुऊन देतो.

शेतात साधारण एकरी टनभर टाकतात, त्या मापानं हजार चौरस फुटांना २३ किलोच्या आसपास येतं. पण अंदाजानं टाकू नका. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत नमुना द्या, सामू (पीएच) आणि विनिमययोग्य सोडियमची, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची, टक्केवारी दोन्ही काढून मागा. पुस्तकात सामू साडेआठच्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण म्हणतात. पूर्णेच्या खोल काळ्या मातीत निचरा त्याच्या आधीच बिघडतो, तेव्हा अहवालात आकडा १५ च्या आत आला म्हणून निर्धास्त राहू नका.

रेतीला माझा सक्त विरोध. काळ्या मातीत रेती थोडी मिसळून काही होत नाही, चिकणमाती तिला गिळून बसते. फरक पडायला निम्म्याहून जास्त रेती लागेल, तेवढ्यात तुम्ही दुसरं अंगण विकत घ्याल.

भोकं पाडायचीच आहेत, पण जिप्समच्या आधी, म्हणजे ते खालपर्यंत जाईल. यंत्र शोधू नका. सब्बलही (पहार) नको, सब्बल माती बाहेर काढत नाही, बाजूला दाबते, म्हणजे भोकाची भिंत आणखी घट्ट. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पाऊण इंची जीआय पाइपचे दोन तुकडे एका आडव्या पट्टीवर शेजारी-शेजारी जोडून घ्या, वर टी आकाराची मूठ. पट्टीवर पाय देऊन दाबायचं, उपटायचं, पुढच्या वेळी आधीची कांडी वरून बाहेर पडते. चार-सहा इंचांवर एकेक. ओल्या चिखलात करू नका, तडकलेल्या जमिनीत तर पाइपच वाकेल. वाफशालाच.

बियाणं घेऊच नका. हरळी काशांनी पसरते. जुलैत चांगल्या जागेतल्याच काशा उपटून, दोन-तीन पेरांचे तुकडे करून, टकलात चार बोटांवर लावा आणि वरून चाळलेलं गांडूळ खत पातळ पसरा. कच्चं शेणखत नको, त्यातून मोथा अन् गाजर गवत येतं, मग वर्षभर खुरपत बसाल. आता लावलं तर दिवाळीनंतर रात्री गार पडतात, हरळी पिवळी पडून थांबते, आणि लावलेल्या काशा तशाच बसून राहतात. हिवाळाभर हिरवं दिसावं म्हणून कुणी राय गवताचं बी टाकायचा सल्ला देईल. दिसतंही छान. पण ऊन तापू लागलं की वाळतं, आणि तोवर खारं पाणी तुम्ही किती जिरवलं असेल त्याचा हिशेब करा.

पूर्णाकाठचा:
ताई, फार उपकार. ढेकूळ मोडून पाहिलं. वाकलं, अन् चकाकतंय सुद्धा. लेकीला पिशवीचं सांगितलं, ती थोडी हिरमुसली. गाडीची वाट कडेनं काढायची ठरलं, घरचीनं तर फरशीचा रंगही सांगून टाकला.

दोन गोष्टी राहिल्या. ओट्याच्या पश्चिमेला जुना कडुलिंब आहे, त्याच्याखाली हरळी विरळच असते. तिथंही हेच करू का? आणि छताचं पावसाचं पाणी टाकीत घेतो, ते लॉनला दिलं तर चालेल?

रोपवाटिकावाली ताई, परतवाडा:
लिंबाखाली नाद सोडा. हरळीला उघडं ऊन लागतं, सावलीत ती जगते पण दाट होत नाही, जिप्समनं सावली हटत नाही. मुरूम टाकून बाकडं ठेवा.

छताचं पाणी तर सोनंच. टाकी अंगणात रोज थोडी-थोडी शिंपडून संपवू नका, जिप्सम टाकल्यावर पावसानं मोठी ओढ दिली तर टकलाच्या जागी एकदम भरपूर सोडा. क्षार खाली गेले पाहिजेत, नुसती वरची माती भिजून उपयोग नाही. आणि फाटकाकडच्या उतारानं एक वीतभर खोल चर आत्ताच काढून ठेवा, जमीन नरम आहे तोवर. उन्हाळ्यात टिकावानंही निघणार नाही.

वावरवाला:
ताई, ते पाइपवालं अवजार मले बी करून घ्या लागते. बायकोच्या फुलझाडायच्या वाफ्याले. तोंडाले धार आतून का बाहेरून?

रोपवाटिकावाली ताई, परतवाडा:
दादा, धार बाहेरून, आणि तोंड आतल्या बाजूला किंचित आवळून घ्यायला सांगा. म्हणजे कांडी पाइपापेक्षा बारीक निघते आणि वर सरकताना अडकत नाही. अडकलीच तर सळईनं वरून ढोसा, पाइप दगडावर आपटू नका, तोंड चेपतं.