सिकलसेलसाठी ॲप बनवून राहिलो, पण पैसे देणार कोण?

तिसरं_वर्ष

नमस्कार. मी नागपुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमची चौघांची टीम आहे. मी आणि माझी रूममेट कॉम्प्युटरच्या, एक जण बी.फार्मचा आणि एक एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला. विद्यार्थ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरतोय, विषय आहे जागतिक आरोग्य आणि सामाजिक उद्योजकता. आम्ही सिकलसेल घेतला, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार, कारण माझ्या मावसभावाला तो आहे. लहानपणापासून त्याच्या भरती होण्याच्या तारखांवरूनच आमच्या घरचे सण आठवतात.

कल्पना अशी: हायड्रॉक्सियुरियाच्या, म्हणजे या आजाराच्या कळा कमी ठेवणाऱ्या रोजच्या गोळीची आठवण करून देणारं ॲप. दुखणं किती आहे त्याची रोज नोंद. आश्रमशाळेत मुलांकडे फोन नसतात म्हणून तिथे अधीक्षकांच्या फोनवर सगळ्यांची यादी. डेमो चालतोय.

गाडं अडलंय फॉर्मवर. "तुमचा ग्राहक कोण, पैसे कोण देणार" आणि "पाच वर्षांत किती देशांत जाल" असे दोन रकाने आहेत. रुग्णांकडे पैसे नाहीत, गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आमचे सर म्हणतात, सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकामाचा निधी, लिहून टाका. कंपनी आधीच नोंदवली तर वजन पडेल असंही कोणी म्हणतं. मुदत 20 दिवसांची आहे. यातून कोणी गेलंय का?

बर्डीवाला

पाच वर्षांत किती देश ते मागून पाहू, आधी आपल्याच जिल्ह्यातल्या पारशिवनीपर्यंत तर जाऊन या ना राजेहो.

संत्री_गल्ली

मी गेलोय यातून. तोंडावर पडेपर्यंत गेलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

2016 ची गोष्ट. इलेक्ट्रॉनिक्सचं शेवटचं वर्ष. आजारही हाच. आम्ही मनगटाचा पट्टा केला होता, अंगातला ताप मोजणारा आणि गोळीच्या वेळी थरथरणारा. सुटे भाग काही बर्डीच्या बाजारातून, काही ऑनलाइन, एक पट्टा 1,140 रुपयांना पडला. 25 केले. स्पर्धेत दुसरा नंबर आला, 50 हजार मिळाले. त्या चेकचा तो मोठा पुठ्ठा अजून गच्चीवर आहे, आई उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळत घालते.

रामटेकच्या पुढे, देवलापारकडे एक आश्रमशाळा होती. तिथल्या 19 पोरांना पट्टे बांधून फोटो काढून आम्ही परत. तीन आठवड्यांनी गेलो तर चार मनगटांवर पट्टे, बाकीचे पेटीत. आम्हाला वाटलं चार्जिंगची भानगड असेल, कारण खोलीत एकच प्लग, तोही ढिला. मग आठवीतली एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, हा बांधला की सगळ्याईले कळते." कळलं की घरापर्यंत जातं, आणि उद्या लग्न जुळवताना निघतं. 19 घरांनी झाकून ठेवलेली गोष्ट आम्ही पोरांच्या मनगटावर बांधून दिली होती, वर हिरवा दिवा लावून. नंतर रामटेकच्या स्टँडवर चहा पिताना आमच्यातलं कोणीच बोललं नाही.

आता तुझ्या ॲपबद्दल. अधीक्षकांच्या फोनवर यादी म्हणजे तोच पट्टा. फोन टेबलावर पडलेला असतो, शिपाई उचलतो, पोरं बघतात. याचा विचार करून ठेव.

दुसरी गोष्ट मला आजही पट्ट्यापेक्षा मोठी वाटते. सहावीतला एक पोट्टा, त्या सत्रात दोनदा कळांनी लोळला होता. त्याच्याशी बोलायला बसलो तर कळलं, तो दुपारनंतर पाणीच पीत नाही. काहून? तर या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, सारखी लागते, रात्री अंथरूणही ओलं होतं. संडास मैदानाच्या पलीकडे, तिथे दिवा नाही. वर्गात परवानगी मागितली की मास्तर म्हणायचे, "तुझं रोजचंच नाटक." पोरं हसायची. म्हणून त्याने आपल्या परीने उपाय काढला: प्यायचंच नाही. अंगातलं पाणी कमी झालं की कोयत्यासारख्या पेशी जास्त अडकतात आणि कळा येतात. पुस्तकात हे आम्ही वाचलेलं होतं. पण ते वाचून पट्टाच का सुचला, बाटली का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मुख्याध्यापक भले माणूस होते. त्यांनी संडासाजवळ बल्ब लावला, सगळ्याच मुलांना वर्गात बाटली ठेवायला सांगितलं (सगळ्यांना, म्हणजे कोण आजारी ते दिसत नाही) आणि लघवीला जायला विचारायचं नाही असा नियम केला. खर्च बल्ब आणि वायरचा. तो पोरगा त्यानंतर बरा झाला असं सांगणार नाही, डिसेंबरच्या थंडीत पुन्हा भरती झाला. थंडीनेही कळा उठतात, बल्ब तिथे काय करणार.

पैशाचं म्हणशील तर एवढंच सांगतो: वापरणारा, विकत घेणारा आणि रोज वागवणारा ही तीन वेगळी माणसं असतात, आणि आम्हाला तिघांपैकी एकच दिसला होता. मदुराईच्या अरविंद रुग्णालयात पैसे देणाऱ्या पेशंटच्या पैशात न देणाऱ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं निघतात. डॉ. वेंकटस्वामींनी 1976 मध्ये ते 11 खाटांवर सुरू केलं. डोळ्यातली भिंगं परदेशी आणि महाग होती, म्हणून 1992 मध्ये अरोलॅब काढून ती स्वतः बनवायला घेतली. पण तिथे श्रीमंतालाही मोतीबिंदू होतो. देवलापारच्या शाळेत जास्त पैसे देणारा कुठून आणशील? तिथे घेणारा एकच, सरकार. मग अधीक्षकांजवळ दिवसभर बसून बघ, त्यांच्या फोनमध्ये आधीच किती सरकारी ॲप आहेत आणि नोंदी ते किती वाजता भरतात. आमचे अधीक्षक रात्री साडेदहाला भरायचे, अंदाजाने.

स्पर्धेतली पोरं नेहमी स्टॅनफर्डचा दाखला देतात. 2007 च्या वर्गातल्या प्रकल्पातून विद्यार्थ्यांनी कमी वजनाच्या बाळांसाठी उबदार पिशवी केली, एम्ब्रेस. काम नेपाळसाठी मिळालं होतं. त्या दाखल्यात एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती पोरं नंतर बंगळुरूला येऊन राहिली होती. तुमच्यातलं कोणी परीक्षेनंतर सहा महिने तालुक्याला राहणार आहे का? नसेल तर तसं लिहा, त्यात लाज नाही.

आणि दाखला द्यायचाच तर गडचिरोलीचा द्या ना. डॉ. बंग दांपत्याच्या सर्च या संस्थेने बाळांचा न्यूमोनिया गावातच ओळखायला श्वास मोजायचं एक साधन केलं होतं, मणी आणि एका मिनिटाची वाळूची घडी. ज्या बायकांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी. घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं त्यांचं काम 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात गेलं. किती देशांत जाल, या रकान्याला नागपूरहून दिसणारं उत्तर हे आहे. आधी मणी.

एलटी_ताई

मी सरकारी प्रयोगशाळेत 14 वर्षं आहे. संत्री_गल्लीचं बरोबर आहे, मी दोन गोष्टी जोडते.

बाळा, तुझ्या ॲपमध्ये "सिकलसेल पॉझिटिव्ह" असा रकाना असेल तर आधी काढ. गावात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. नळी गढूळ झाली म्हणजे एस, म्हणजे सिकलसेलचं, हिमोग्लोबिन आहे, एवढंच. तो वाहक आहे, एएस, की रुग्ण आहे, एसएस, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर सोल्युबिलिटीवर भरवसाच ठेवू नये. मी असे वाहक पाहिले आहेत जे दहा वर्षं स्वतःला रुग्ण समजून जगले. कबड्डी सोडली, शाळा सोडली. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, हे समजावण्यासाठी ते कळायला हवं, घाबरवण्यासाठी नाही.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत उच्चाटन हे तिचं उद्दिष्ट. तपासणी जोरात होते. पण गढूळ आलेल्या नळीच्या माणसापर्यंत पक्का रिपोर्ट पोचला का, हे मला माझ्या टेबलावरून दिसत नाही. तो ऊस तोडायला किंवा वीटभट्टीवर गेलेला असतो. त्याचं निकालाचं कार्ड छापलं जातं आणि पेटीत राहतं.

हायड्रॉक्सियुरिया रोज खायची, पण अधूनमधून रक्त तपासून. पांढऱ्या पेशी उतरल्या तर डॉक्टर डोस बदलतात. नुसती आठवण करून देणाऱ्या ॲपला हे माहीत नसतं. आणि गोळीच संपलेली असली तर आठवण कशाची करणार?

हा "आदिवासींचा आजार" असंही लिहू नका. नागपूर शहरात, किती तरी जातींत आहे. माझ्या टेबलावर रोज येतो.

ताळेबंद

सीए आहे, फक्त कंपनीपुरतं बोलतो. आत्ता नोंदवू नका. कलम 8 ची कंपनी काढली तर नफा वाटून घेता येत नाही, ते ठीकच आहे, पण एक रुपयाची उलाढाल नसली तरी ऑडिट आणि दरवर्षीचे फॉर्म भरावेच लागतात. चौघं पास होऊन पुण्याला गेलात की ते भरणार कोण? माझ्याकडे अशा तीन मेलेल्या कंपन्यांच्या फायली आहेत, संस्थापक फोन उचलत नाहीत.

तुमच्या सरांना नम्रपणे सांगा: सीएसआरचं काम स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचं तर नियमाने तिला आयकराची 12ए, 80जी आणि सीएसआरसाठीची सीएसआर-1 नोंदणी लागते आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. जुन्या संस्थेचा हात धरा नाहीतर कॉलेजच्या इन्क्युबेटरमधून, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रातून जा. मुलांची माहिती गोळा करणार असाल तर पालकांची संमती आणि एथिक्स कमिटी आधी, डेमो नंतर.

तिसरं_वर्ष

नऊ दिवसांनी लिहितेय. उत्तरं वाचून दोन दिवस चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू. मग मावसभावाकडे गेले. इतकी वर्षं त्याच्या आजारावर घरात सगळे बोलतात, त्याला मी कधी काही विचारलंच नव्हतं.

त्याच्या फोनमध्ये रात्री नऊचा अलार्म आधीच लावलेला आहे. तो हसला माझ्यावर. गोळी चुकते ती विसरून नाही. तो मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. गोळ्या आणायला आणि रक्त द्यायला महिन्यातून एक दिवस जातो, 450 रुपये कापले जातात. आणि कधी कधी रांगेत दोन तास उभं राहून खिडकीवर कळतं, आज गोळी नाही, पुढच्या आठवड्यात या. पुन्हा 450. दुसऱ्यांदा तो जात नाही. मग कळा येतात, मग आठ दिवस भरती.

आता आमच्यात भांडण चालू आहे. रूममेटला डेमो सोडवत नाही. मला वाटतं, निघण्याआधी गोळी आहे की नाही एवढं एका फोनवर कळलं तरी बरंच झालं. शनिवारी एसटीने देवलापारलाही जाऊन येणार आहोत, दादा, पट्टे न घेता. एलटी_ताई, गोळ्यांचा साठा किती उरला हे नेमकं कुणाला माहीत असतं?

एलटी_ताई

फार्मासिस्टला. नोंद ई-औषधीत, म्हणजे सरकारी औषधसाठ्याच्या ऑनलाइन प्रणालीत असते, पण ती विद्यार्थ्यांना कोणी उघडून दाखवणार नाही, आणि आकडा कधी कधी मागचा असतो. खरं कपाटात. तुमच्या बी.फार्मवाल्याला पाठव, तो त्यांच्यातला वाटेल. कॉलेजचं पत्र न्यायचं आणि अडीचनंतर जायचं. सकाळी खिडकीवर गेला तर ओरडा खाईल.

बर्डीवाला

देवलापारला जाऊन राहिले तर स्वेटर घेऊन जा. तिकडे गारठा असते.