‘व्यस्त प्रमाण’ म्हणजे नुसतं ‘उलट’ का?

बॉईलच्या नियमात लिहिलंय, तापमान स्थिर असताना ठरावीक वस्तुमानाच्या वायूचं आकारमान त्याच्या दाबाच्या व्यस्त प्रमाणात असतं. व्यस्त म्हणजे बिझी ना? मग इथे काय अर्थ घ्यायचा? आणि दाब वाढला की आकारमान कमी होतं एवढंच सांगायचं असेल तर सरळ ‘उलट’ का नाही लिहीत?

—

बिझी हा अर्थ हिंदीच्या वळणाने आलाय, आपल्याकडे कामात गुंतलेला, गर्क, व्यग्र असं म्हणायचे. व्यस्तचा मूळ अर्थ विस्कटलेला, उलटापालटा, ‘अस्ताव्यस्त’मध्ये तोच आहे. गणितातला वापरही जुनाच, भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) व्यस्त त्रैराशिक आहे, म्हणजे एक राशी वाढली की दुसरी घटते अशा उदाहरणांचं त्रैराशिक.

—

अर्थ बरोबर, पण ‘एवढंच ना’ याला माझं उत्तर नाही असं आहे, आणि हे नीट कळणं फार गरजेचंय कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. उलट म्हटलं की फक्त दिशा कळते, व्यस्त प्रमाण म्हटलं की दोघांचा गुणाकार कायम राहतो हे कळतं. समजा 1 वातावरण दाबाला (म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या नेहमीच्या दाबाला) 12 लिटर हवा आहे. दाब 2 केला की 6 लिटर, 3 केला की 4, 4 केला की 3, गुणाकार दरवेळी 12च. आता बघा, दाब प्रत्येक वेळी सारखाच वाढवला पण आकारमान आधी 6 ने घटलं, मग 2 ने, मग फक्त 1 ने, म्हणून आलेख सरळ रेषा येत नाही, वक्र येतो. बॉईलने 1662 मध्ये हे स्वतःच्या मोजमापांचे आकडे मांडून दाखवलं, इंग्रजी जे अक्षरासारख्या वाकड्या नळीत पारा ओतत जाऊन अडकलेली हवा मोजली.

—

मग गेजवर, म्हणजे दाबमापकावर, दाब 1 चा 2 केला तर हवा निम्मी व्हायला पाहिजे ना?

—

नाही होणार. साधा गेज बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो, त्यात वातावरणाचा 1 मिळवायचा, म्हणजे खरा दाब 2 चा 3 झाला आणि हवा दोन तृतीयांश उरली. नियमातला ‘दाब’ म्हणजे नेहमी हा पूर्ण दाब, पुस्तकं हे ठळक लिहीत नाहीत आणि ते लिहायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. ‘ठरावीक वस्तुमान’ पण विसरू नका, चाकात हवा भरताना आतली हवाच वाढते, तिथे हा नियम लावायचा नाही. आणि स्थिर तापमान हवं तर सावकाश दाबायचं, झटकन दाबलं की हवा तापते आणि गुणाकार बदलतो.

—

आकारमानाऐवजी घनफळ लिहिलं तर चालेल?

—

चालेल की, गणितात घनफळच म्हणतात, विज्ञानाच्या पुस्तकात आकारमान. फक्त ‘आकार’ लिहू नका, तो गोल, चौकोनी वगैरे सांगायला.