चवड्यावरची जखम भरते आणि पुन्हा उघडते, चुकतंय कुठे?

रानवारा:
वडिलांना जुना मधुमेह, तळपाय बधिर. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चवड्यावर जखम होती, ती भरून पुन्हा त्याच जागी उघडली. आता परत भरली आहे. साखर आटोक्यात आहे, एमसीआरची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पलही घेतलीय. तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून काय करावं?

पायवाट:
ती चप्पल घरात घालतात का? खरी गोम इथेच असते. बाहेर जाताना एमसीआर आणि घरात फरशीवर अनवाणी. जखम भरली म्हणजे नुसती कातडी जुळली, हाडाखालचा दाब होता तसाच आहे. भरलेल्या जखमांपैकी साधारण ४० टक्के वर्षभरात पुन्हा होतात. घरासाठी वेगळा जोड ठेवा, रात्री बाथरूमला जातानाही तो पायात हवा.

अंगठ्यात अडकवायची चप्पल नको, ती सांभाळायला बोटं आखडतात. मागे पट्टा, वर वेल्क्रो हवं. आतला मऊ थर चवड्याच्या जागी दाबून बघा. चेपलेला राहिला, वर आला नाही, तर तो बदलायचा, चप्पल कितीही नवी दिसो.

सुईदोरा:
आणि घट्टा! जुन्या जागी घट्टा धरला की दाब आणखी वाढतो. त्यात काळपट-लालसर ठिपका दिसला तर आत रक्त साकळलंय, त्याच दिवशी दाखवा. घरी ब्लेड लावू नका. कॉर्न कॅपही (कुरूप काढायची औषधी पट्टी) नको, त्यातलं सॅलिसिलिक ॲसिड चांगली कातडी खातं आणि बधिर पायाला पत्ता लागत नाही. दर १ ते ३ महिन्यांनी पाय तपासून घ्या, घट्टा तिथेच काढतील.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर रोज सकाळी दोन्ही पायांच्या त्याच जागा मोजा. एक बाजू सलग दोन दिवस २.२ अंश सेल्सिअसने जास्त गरम लागली तर चालणं कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. उन्हातून आल्यावरचं माप धरू नका.

रानवारा:
चप्पल बाहेरच घालतात, बरोबर ओळखलंत. त्याच जागी परत उघडण्याचं आणखी काही कारण?

पायवाट:
दोन गोष्टी विचारून घ्या. एक, हाडात जंतुसंसर्ग उरलाय का. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो, म्हणून गरज पडल्यास एमआरआय. दुसरी, गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ओढलं जातं का. टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर) आखडली असेल तर सगळा भार चवड्यावर येतो. मग नुसत्या चपलेने भागत नाही, शीर लांबवायची शस्त्रक्रिया करतात. त्याआधी पायाचा रक्तपुरवठा मात्र तपासलेला हवा.