कोहा बसवलं म्हणजे झालं?

ग्रंथालयांवरच्या चर्चेत कुणी म्हणालं, कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवलं, प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन भांडारात चढवले की ग्रंथालयातलं ज्ञान व्यवस्थापन झालं. मला नाही पटत. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या शोधगंगेमुळे प्रबंध घरबसल्या वाचता येतात, हे मोलाचंच. पण ही झाली नोंदलेल्या ज्ञानाची सोय. मोडी कागदांचा कुठला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, आधी सोडावा, जुन्या संस्थानी नोंदींत एकच गाव किती तऱ्हांनी लिहिलंय, हे अनुभवी ग्रंथपालाच्या डोक्यात असतं. तो निवृत्त झाला की गेलं!

आपल्या कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं नावच ‘बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र’ आहे. त्या नावातला ‘स्रोत’ माणसंही आहेत, असं मी मानतो. वाचकांनी विचारलेले अवघड प्रश्न आणि उत्तर कुठे सापडलं, एवढी वही जरी प्रत्येक ग्रंथालयाने ठेवली, तरी नव्या माणसाची कितीतरी पायपीट वाचेल.