समुद्रकाठी एकट्यानं गेलं तरच माणसं भेटतात, पटतंय का?

विश्रामबागचा वाटसरू:
आपल्या सांगलीत मालवणला जायचं म्हणजे आठ-दहा पोरं, एक गाडी, स्पीकर, तारकर्लीत दंगा आन रविवारी रात्री परत. गेल्या हिवाळ्यात मी एकटाच गेलो, कोल्हापूरला सीबीएसला (मध्यवर्ती स्टँडवर) एसटी बदलून फोंडा घाटानं. तेव्हापासून माझं मत झालंय की ग्रुपनं जाणाऱ्याला तिथं फक्त वेटर भेटतो. सकाळी मालवणच्या चिवला बीचवर रापण चालू होती, होडीनं जाळं अर्धगोल टाकून आणतात आणि दोन्ही बाजूचे दोर किनाऱ्यावरनं माणसं ओढतात, मी बघत उभा तर एक आजोबा म्हणाले "बघतंस काय, धर दोर!" हात सोलले राव. जाळ्यात मासे कमी आन जेलीफिशच जास्त, तरी वाटणीत माझे चार बांगडे बाजूला काढले. लॉजवर कुठं शिजवणार म्हटल्यावर त्यांच्याच घरी जेवलो, मी आपला भडंगाचा पुडा काढला तो नातवानं संपवला. दहा जण असतो तर दोर धर म्हणाले असते का?

मिरज जंक्शन:
हे सगळं छान वाटतं वाचायला. पण याला मैत्री म्हणायचं? पर्यटनावर पोट असलेलं गाव आहे, पाहुण्याशी गोड बोलणार नायतर काय भांडणार? पुढं काय होतं ते पण सांगतो, नंबर सेव्ह, दिवाळीला एक फॉरवर्ड, संपलं. मैत्री म्हणजे रात्री दोनला फोन केल्यावर जो येतो तो.

विश्रामबागचा वाटसरू:
त्या हिशोबानं माझे सख्खे चुलते पण मित्र नव्हेत, ते नऊलाच फोन बंद करतात 😄

कराडची लेक (सध्या सातारा):
एकटं जा म्हणणं पुरुषांना सोपंय. मी गुहागरला एकटी गेले, कराडवरनं कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, पुढं गुहागर, लांब नाही, आणि १७ मार्च २०२३ पासून आम्हाला एसटीत अर्धं तिकीट, तेही जमलं. पण लॉजवर पहिला प्रश्न "बरोबर कोण नाही?", दुसरा "घरच्यांना माहितीय ना?" दोन ठिकाणी तर रूमच नाही म्हणाले. मग एका मासळीवाल्या काकूंनी ओळखीच्या घरी सोय लावली. मैत्री झाली हो, पण ती दारं बंद झाल्यामुळं. याला एकट्यानं फिरण्याचा फायदा म्हणू का?

देवबागचा, पोटासाठी सांगलीत:
लॉजवाले एकट्या पुरुषालाही नाही म्हणतात ताई, कारण तुमचेच घाटावरचे लोक पिऊन घालतात तो गोंधळ. आणि वाटसरू, तुम्ही दोर धरला ते चांगलं केलंत, बाकीचे सेल्फी काढून निघून जातात, ओढणारा मधनं सुटला की बाकीच्यांच्या हातावर भार येतो हे त्यांना कळत नाही. गप्पाच मारायच्या असतील तर जून-जुलैत या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, लोक जाळी दुरुस्त करत बसलेले असतात, वेळच वेळ. किल्ल्याची होडी मात्र तेव्हा बंद, त्यामुळं सिंधुदुर्ग बघायचा म्हणून येणार असाल तर नका येऊ.

मिरज जंक्शन:
बघा, हे पण म्हणतायत की सीझनमध्ये लोकांना वेळ नसतो. माझाच मुद्दा.

विश्रामबागचा वाटसरू:
अर्धंच वाचलंत. असो, ते आजोबा पुढल्या महिन्यात मिरजेला दवाखान्यात दाखवायला येतायत. कोकणातली माणसं मिरजेला उपचाराला पूर्वीपासनं येतात, वानलेस हॉस्पिटलपासनं ती वाट पडलीय, त्यात नवल नाही. पण लॉज न बघता आमच्याकडं उतरतायत. आई आत्तापासनंच विचारतीय की ते रोज मासे खातात, आपण काय घालायचं.

कराडची लेक:
पिठलं-भाकरी आणि ठेचा. विचार कसला करताय.

मिरज जंक्शन:
दवाखान्याजवळ फुकट राहायची सोय म्हणून येत असतील, याला मी व्यवहार म्हणतो. आठ दिवस राहू देत, तुमच्या आईला विचारून मग इथं लिहा.