मोठी लेन्स नसली तरी

मोठी लेन्स नसेल तर गोव्यात काय टिपायचं, असं एकाने विचारलंय. ओहोटीची वेळ बघून पणजीजवळच्या रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा. तिथलं सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. पण पाणी ओसरलं की खारफुटीच्या मुळांशी चिखल उघडा पडतो, निवटे मासे चिखलात उड्या मारायला लागतात आणि खंड्याही जवळ येऊन बसतो. होडीतून फार वाकू नका, माझ्या लेन्सचं झाकण अजून तिथेच रुतलंय!

मला मात्र खाजन शेतांचीच, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतांचीच, जास्त ओढ. एकदा मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) जाळं ओढणाऱ्या काकांना विचारलं, "फोटो काढू?" म्हणाले, "काढ, पण आधी ही टोपली धर." धरली. कोळंबी टपटप उडत होती, कॅमेरा पाठीवर. फोटो राहिलाच.